दाराचा नंबर

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दौलताबादला काकासाहेबांच्या गच्चीवर जेवणं उरकली आणि लाईट गेली. किल्ल्याच्या बाजूनं बरा वारा येत होता, म्हणून कोणी खाली जायला तयार नव्हतं. तेवढ्यात काकासाहेबांना आठवलं, अंगणाचं फाटक उघडंच राहिलंय.

"ऋतुराज, जा बाबा, फाटकाला कुलूप लावून ये."

ऋतुराज म्हणजे त्यांचा नातू, कॉलेजला जाणारा. मोबाईलच्या उजेडात तो जिना उतरला. थोड्या वेळानं खालून हाक आली.

"आजोबा, कुलूप साखळीत बंद लटकतंय. आधी उघडावं लागंल. नंबर काय हाय?"

काकासाहेबांनी सतरंजीची घडी सरळ केली.

"आजोबा! नंबर सांगा की!"

"आजोबा, तो ओरडतोय," धाकटी नात श्रेया म्हणाली.

काकासाहेबांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि उठले. एकोणीस पायऱ्या उतरून गेले, स्वतःच्या हातानं कुलूप लावलं, आणि धापा टाकत वर आले. मागोमाग ऋतुराज.

"एवढं काय त्यात? वरून सांगितला असता तर फाटकाशी कोण चोर बसला होता? माझं बघा, सगळीकडं एकच. फोनला तोच, कॉलेजच्या साईटला तोच. नाव आणि पुढं एक-दोन-तीन."

"मला बी माहितीय तो," श्रेया हसली. "त्याच्या सगळ्या मित्रांना माहितीय."

"चोराची भीती नाय मला," काकासाहेब सतरंजीवर बसत म्हणाले. "पण रात्री कुणी नंबर विचारला तर मी सांगत नाय. आवाज वळखीचा असला तरी नाय. आमच्या राजकुमारचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

*

काकासाहेबांचं शहरात, गुलमंडीत चाळीस वर्षं चावीचं दुकान होतं. राजकुमार त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. पुढं चाव्यांचे दिवस गेले आणि आकड्यांची कुलपं आली, तसा तो ती बसवायला लागला. हात साफ, बोलणं गोड. कुलूप बसवून झालं की गिऱ्हाइकाला म्हणायचा, "नंबर सांगा, टाकून देतो." लोक सांगायचे. आणि राजकुमारला एक नाद लागला. आकड्यावरून माणूस ओळखायचा.

तो म्हणायचा, "काकासाहेब, लोकांना वाटतं ते आकडा निवडतात. ते माणूस निवडतात. आकडा नुसतं पांघरूण असतंय." आणि खरंच, कुणी पोराचा वाढदिवस टाकायचं, कुणी गेलेल्या आईची तारीख. एका कडक साहेबांनी बायकोसमोर जी तारीख सांगितली, ती ऐकून बायको म्हणाली, "ही कुणाची?" तर साहेब म्हणाले, गाडीचा नंबर आहे. राजकुमार खाली उतरताना मुद्दाम गाडी बघून आला. गाडीचा नव्हता.

काकासाहेबांनी त्याला एकच गोष्ट बजावली होती. "गिऱ्हाइकाचा नंबर म्हणजे गिऱ्हाइकाची अब्रू. सख्ख्या बापानं विचारला तरी सांगायचा नाय."

राजकुमारनं ती शिकवण अक्षरशः पाळली. सिडकोत एक रामकिसनबाबा म्हणून म्हातारे होते. विसरायला झालेलं. दिसेल त्याला दाराचा नंबर सांगायचे, म्हणून मुलानं राजकुमारला बोलावून नंबर बदलून घेतला आणि बापाला सांगितला नाही. मुलगा-सून कामावर गेले की बाबा फिरायला बाहेर पडत, आणि मग ते येईपर्यंत कापडी पिशवी मांडीवर घेऊन जिन्यात बसून राहत. एका डिसेंबरात त्याच इमारतीत राजकुमारचं दुसरं काम होतं. संध्याकाळी उतरताना बाबांनी त्याला ओळखलं.

"बाळा, तूच बसवलंस ना? नंबर सांग ना. तुला माहीत हाय." मग म्हणाले, "नाय तर माझं बोट घाल त्यात. बोटानं बी उघडतंय म्हणत्यात. आकडा राहत नाय बघ डोक्यात. बोट कुठं विसरतंय?"

"मुलाला विचारा, बाबा," राजकुमार म्हणाला आणि खाली उतरला.

त्या दिवशी मुलगा-सून लग्नाला गेले होते. परत यायला रात्रीचा एक वाजला. बाबा भिंतीला टेकून बसलेले होते. अंग गार पडलेलं.

मुलगा म्हणाला, हे कुलूप आता मला दारावर नको. राजकुमारनं ते काढलं. आठ-नऊ महिने त्याच्या खोक्यात पडून राहिलं. मग गेल्या दसऱ्याला, हत्यारांची पूजा झाली आणि त्याला वाटलं, चांगलं महागाचं कुलूप, कशाला सडवायचं? उस्मानपुऱ्यातल्या आपल्या भाड्याच्या घराच्या दाराला त्यानं ते बसवलं.

"कुणाचं हो?" बायकोनं विचारलं.

"एका गिऱ्हाइकानं दिलं."

बायकोचं नाव राजनंदिनी. घरी ब्लाऊज शिवायची. हसरी, बोलकी. लग्नाला तीन वर्षं झालेली. राजकुमारचा तिच्यावर जीव होता, पण तो जीव धड नव्हता. ती खालच्या मजल्यावरच्या प्रणयशी दोन शब्द बोलली तरी हा वरून जिन्याच्या कठड्याचे गज मोजत उभा राहायचा. प्रणय कुरिअरच्या ऑफिसात होता, तिची कापडाची पार्सलं तोच आणून द्यायचा. "वहिनी, पार्सल!" एवढीच त्याची हाक. पण त्या 'वहिनी'त राजकुमारला भलतंच काहीतरी ऐकू यायचं.

कुलपाला नंबर टाकला बावीस-शून्य-पाच. त्यांच्या लग्नाची तारीख, बावीस मे. नंदिनी म्हणाली, "बोटाची बी सोय हाय ना? माझं बोट घाला. पिशव्या हातात असल्या की बरं पडंल." राजकुमारनं नाही म्हटलं. कारण त्याचं स्वतःचं बोट त्या कुलपाला कळायचंच नाही. दहा वर्षं लोखंड घासून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. बायको बोट टेकवून आत जाणार आणि कुलूपवाला बाहेर आकडे दाबत उभा राहणार, हे त्याला बघवलं नसतं. बोटांची यादी त्यानं रिकामी ठेवली. शून्य.

*

दिवाळीनंतर त्याला भास व्हायला लागले.

झोप नीट लागलेली नसायची, जागंही नीट नसायचं, त्या मधल्या वेळेत. कधी दाराची बेल वाजल्यासारखी वाटायची. कधी पायथ्याशी कुणीतरी बसल्यासारखं, गादी दबल्यासारखं. अंग हलवायला जावं तर हलायचं नाही. आणि कुणीतरी हळूच म्हणायचं, "नंबर सांग." डोळे उघडले की काही नाही. पंखा, खिडकी, शिवणयंत्र.

नंदिनीनं त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "घाबरू नका. झोप लागताना मेंदू अर्धा जागा आणि अर्धा स्वप्नात असतो. पुष्कळ लोकांना असे भास होतात. दिवसभर तुम्ही लोकांना नंबर विचारता, तोच रात्री ऐकू येतो. झोप पुरी घ्या, वेळेवर झोपा, चहा कमी करा." मग नंदिनीकडे बघून म्हणाले, "यांची झोप मोडू देऊ नका. जागरणानं हे वाढतं."

राजकुमारला हायसं वाटलं. नंदिनीला वाटलेलं दिसलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी तो घरी आला, बावीस-शून्य-पाच दाबलं, आणि कुलूप बाईच्या हिंदी आवाजात म्हणालं, "गलत पासवर्ड."

पुन्हा दाबलं. "गलत पासवर्ड."

बेल वाजवावी लागली. स्वतःच्या दाराची! तळमजल्यावर घरमालकीण मनकर्णाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्या कशाला सोडतात?

"काय रे राजकुमार, कुलूपवाल्यालाच कुलूप? बायकोनं हाकलला का काय?"

नंदिनीनं दार उघडलं. "नंबर बदललाय मी."

"कशाला?"

"असंच. तो सगळ्यांना माहीत झाला असंल."

"कुणाला माहीत झाला? मी कुणाला सांगितला नाय. तू सांगितला?"

"नाय हो."

"मग नवा काय टाकला?"

ती शिवणयंत्राकडे वळली. "मी घरीच असते की. बेल वाजवा, उघडीन."

तिनं सांगितला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

आता राजकुमारला वाटलं असतं तर आतलं बटण दाबून त्यानं नंबर पुसून टाकला असता. अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्याला नंबर पुसायचा नव्हता. त्याला तो हवा होता. आकड्याच्या पांघरुणाखाली कोण झोपलंय ते बघायचं होतं. आपल्या लग्नाची तारीख काढून तिनं कुणाची तारीख घातली?

एकदा संशय शिरला की माणसाला सगळीकडं पुरावे दिसतात. नंदिनीचे डोळे सुजलेले असायचे. दिवसा यंत्रावर बसल्या बसल्या पेंगायची. म्हणजे रात्री जागते. एका रात्री त्याला अर्धवट जाग आली तर ती अंधारात फोन हातात धरून बसलेली. त्यानं कूस बदलताच तिनं फोन उशीखाली सारला.

"कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी नाय. झोपा तुम्ही. डॉक्टर काय म्हणाले?"

हल्ली तिला त्याच्या झोपेची फार काळजी! तो भिंतीकडे तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं धंद्यातली युक्ती केली. रात्री झोपण्याआधी कुलपाच्या आकड्यांवर अंगाला लावायच्या पावडरीचा बारीक हात फिरवला. कुणी दाबलं की तिथली पावडर निघणार. पहाटे दूध घ्यायच्या निमित्तानं दार उघडून बघितलं.

तीन ठिकाणची पावडर निघाली होती. शून्य, दोन, पाच.

बावीस-शून्य-पाच! रात्री दाराबाहेर कुणीतरी येऊन त्याच्या लग्नाची तारीख दाबून गेलं होतं. कुलपाला ती तारीख होती हे दोघांनाच माहीत. त्यानं सांगितली नव्हती. मग उरलं कोण?

"आणि तो गाढव," इथं काकासाहेब थांबून म्हणाले, "हे इचारीना, की चोरून येणाऱ्याला जुना नंबर कशाला दाबावा लागला असता? तिनं नवाच नसता का दिला? पण जळणाऱ्या माणसाला हिशेब कुठं जमतोय? त्याला फक्त धूर दिसतोय."

*

तेरा डिसेंबर, शनिवार. दुपारी नंदिनी शिवलेले ब्लाऊज द्यायला बाहेर गेली होती. त्या सकाळी राजकुमारनं आकडे पुसून पुन्हा पावडर फिरवली होती, आणि मधे ती एकदा खाली जाऊन वर आली होती. तो आला तेव्हा चार खुणा स्पष्ट होत्या. शून्य, दोन, चार, सात.

चार आकडे कळले, क्रम नाही. तो जिन्यात उभा राहून तारखा जुळवायला लागला. दोनच बसत होत्या. चोवीस जुलै. सत्तावीस एप्रिल.

सत्तावीस एप्रिल!

त्या दिवशी गल्लीत मोटारसायकलच्या सीटवर केक ठेवून पोरांनी प्रणयचा वाढदिवस केला होता. राजकुमारनंही केक खाल्ला होता. नंदिनीनं वरून टाळ्या वाजवल्या होत्या. वरून. टाळ्या.

त्यानं दोन-सात-शून्य-चार दाबलं.

"गलत पासवर्ड."

त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चोवीस जुलै दाबून बघितली. तीही नाही. मग तो एकेक क्रम लावत बसला. तीनदा चुकलं की कुलूप पाच मिनिटं बंद पडायचं. तेवढा वेळ तो जिन्याच्या पायरीवर बसून राही. स्वतःच्या दाराबाहेर, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन.

"अजून नाय का घेतलं घरात?" खालून मनकर्णाबाईंनी विचारलं. "माफी माग की, बाबा. काय जातंय?"

सात-शून्य-चार-दोन. "दरवाज़ा खुल गया है।"

सत्तर-बेचाळीस. ही कुणाची तारीख? कुणाचीच नाही. मग गाडीचा नंबर! तो धडधडत खाली गेला, प्रणयची मोटारसायकल बघायला. गाडी जागेवर नव्हती. वर आला. तरी डोकं चालूच: फोन नंबरचे शेवटचे आकडे असतील, खोलीचा नंबर असेल, कुठल्या लॉजची…

नंदिनी रिकामी पिशवी घेऊन आली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि तो मधोमध उभा होता.

"सात शून्य चार दोन," तो म्हणाला. "कोण हाय तो?"

ती रागावेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. ती पांढरीफटक पडली.

"तुम्हाला कळला?" ती म्हणाली. "अहो, का शोधलात?"

"मी विचारतोय, कोण हाय!"

"गॅसचं पुस्तक! गॅसच्या पुस्तकावरचे शेवटचे चार आकडे! माणसाचा टाकला असता तर तुम्ही वळखला असता, म्हणून माणूसच नसलेला आकडा शोधला मी." ती मटकन बसली. "तुम्हाला कळू नये एवढंच पायजे होतं. तुम्हाला जे कळतं ते तुम्ही त्याला सांगता."

"कुणाला?"

तिनं फोन काढला. एकेक रात्र तिनं टिपून ठेवली होती. त्याच रात्रींतली एक तिनं लावली. आधी पंख्याची घरघर. मग राजकुमारचाच आवाज. जड, झोपेतला, पण आदबीचा.

"हां बाबा… बसा… सांगतो… दोन… दोन… शून्य… पाच…"

मग शांतता. आणि लांबून, दाराच्या बाजूनं, चार टिक-टिक. मग ती बाई: "गलत पासवर्ड."

"पहिल्या रात्री जुनाच नंबर होता," नंदिनी म्हणाली. "तुम्ही सांगितला आणि दार उघडलं. मी पळत जाऊन ढकलून कडी लावली. जिन्यात कुणी नव्हतं. सकाळी नंबर बदलला. तवापासून रोज रात्री तुम्ही सांगता आणि बाहेर कुणीतरी दाबतं. रोज जागी असते मी. तुम्हाला सांगितलं असतं तर तुमची झोप उडाली असती, आणि डॉक्टर म्हणाले जागरणानं वाढतंय…"

'बाबा' हा शब्द राजकुमारच्या कानात अडकला. पण त्यानं तो बाहेर येऊ दिला नाही. माणसाला भुतापेक्षा दुसरा माणूस सोपा वाटतो.

"बोलतोय मी, ते ठीक. डॉक्टर म्हणालेच. पण बाहेरचा कोण? हाडामासाचाच असणार. तो प्रणय हाय. मी झोपेत बडबडतो ते खाली ऐकतो आणि वर येतो."

"अहो, काय बोलताय! आत्ता नंबर बदलते मी, तुम्ही तिकडं तोंड करा…"

"हात लावायचा नाय!" तो ओरडला. "आता बदललास तर मी जे समजायचं ते समजंन. आज तोच नंबर राहू दे. कडी बी लावायची नाय. येऊ दे त्याला आत. आज धरतोच."

नंदिनी त्याच्याकडे बघत राहिली. तिचा हात कुलपाकडे गेला होता तो तिनं हळूच मागं घेतला. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या नजरेत त्याला राग दिसला नाही, भीतीही नाही. कीव दिसली.

*

रात्री अकराला दिवे मालवले. राजकुमार पलंगावर भिंतीला टेकून बसला. हातात मोठा पाना. शेजारी नंदिनी. तीन कप चहा झाला.

बारा वाजले. लांब रेल्वेची शिट्टी झाली.

एक वाजला. खाली कुत्रं भुंकलं, गप्प झालं.

दोन वाजले. प्रणयची गाडी आलीच नव्हती. लांब कुठंतरी लावली असेल, राजकुमारनं मनाशी म्हटलं. मुद्दाम.

तीन वाजून दहा मिनिटं. त्यानं घड्याळ बघितलं होतं.

डोळा लागला नाही. पापणी नुसती जड झाली…

आणि गादी दबली.

पायथ्याशी. अलगद. म्हातारं माणूस बसतं तशी.

त्याला वळता येईना. पाना हातात होता, पण हात आपला वाटेना. अंधारात मांडीवरची कापडी पिशवी दिसली. तिच्या बंदावरची बोटं दिसली. त्यानं तोंडाकडं बघितलं नाही.

"बाळा," आवाज आला. थंडीनं काकडल्यासारखा. "नंबर सांग ना. तुला माहीत हाय."

राजकुमारला भीती वाटली नाही. हे त्यानं पुढं काकासाहेबांना शपथेवर सांगितलं. त्याला एवढंच वाटलं, की त्या संध्याकाळी सांगायला हवा होता. एक वर्ष घशात अडकलेलं काहीतरी सुटून वर आलं.

"सात…" तो म्हणाला.

"अहो!" नंदिनी. फार लांबून.

"शून्य…"

"अहो, नका! उठा!"

"चार…"

तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला. घट्ट. दोन्ही हात.

तिच्या तळव्याखालून ओठ हलले. दोन.

पायथ्याची गादी वर आली.

आता राजकुमार पुरता जागा झाला. घामानं भिजलेला. नंदिनीचे हात त्याच्या तोंडावर. दोघांचे डोळे दाराकडं.

बाहेर टिक.

टिक.

टिक…

टिक.

दार उघडेल म्हणून दोघं बघत राहिले. उघडलं नाही.

बाई बोलली. शांत, गोड आवाजात. या घरात तिनं हे वाक्य कधीच म्हटलं नव्हतं.

"उंगली रखिए।"

…

"फिर से रखिए।"

…

"फिर से रखिए।"

नंदिनीच्या नखांची खूण त्याच्या गालावर उमटली होती. त्याला कळलंही नाही.

"फिर से रखिए।"

…

"नई उंगली दर्ज हो गई है।"

मग काही नाही. पाऊल नाही. श्वास नाही. बऱ्याच वेळानं जिन्यात कुणीतरी बसताना सोडतं तसा एक सुस्कारा. तो दोघांनीही ऐकला.

उजाडेपर्यंत कुणी पलंगावरून उतरलं नाही.

सकाळी साडेसातला खाली मोटारसायकल वाजली. धुळीनं माखलेला प्रणय जिना चढून आला. हातात मोसंबीची पिशवी.

"वहिनी, गावाकडून पाचोडहून आणलीत. बागेतली. काल दुपारीच गेलो होतो, आत्ता येतोय." त्यानं राजकुमारकडं बघितलं. "दादा, गालाला काय झालं?"

राजकुमारनं मोसंबी घेतली. त्याच्या हातून पिशवी सुटली आणि मोसंबी जिन्यावरून एकेक पायरी घरंगळत गेली. ती गोळा करायला तो खाली बसला तो उठेचना. हुंदके देऊन रडला. प्रणयला काही कळेना, तो बिचारा "असू दे दादा, अजून आणीन" म्हणत राहिला.

नऊ वाजता राजकुमारनं काकासाहेबांना फोन केला. काकासाहेबांनी स्वतः जाऊन कुलूप उतरवलं आणि दाराला जुना कडी-कोयंडा ठोकून दिला. कुलूप हातात घेऊन त्यांनी बोटांची यादी उघडली. त्या कुलपात मालकाचाच नंबर दाबून शेवटचा आकडा दाबून धरला, की दार न उघडता नवं बोट घालता येतं. पण घातलं कुणी? राजकुमारची बोटं यंत्राला कळत नाहीत. नंदिनीचे दोन्ही हात नवऱ्याच्या तोंडावर होते. आणि कधीच कुणाचं बोट न घातलेल्या यादीत एक बोट होतं.

*

गच्चीवर श्रेया ऋतुराजला खेटून बसली होती. तेवढ्यात लाईट आली. खाली घराघरांतून पोरांचा ओरडा झाला.

"आता कसा हाय तो?" श्रेयानं विचारलं.

"कामं करतोय. पण घरात म्हातारं माणूस असंल तर आधी त्याचं बोट घालतो, मग बाकीच्यांना नंबर विचारतो. आणि नंदिनीचा फोन शिवणयंत्रावर उघडा पडलेला असतो. तो बघत बी नाय." काकासाहेब म्हणाले, "माझी बी झोप काय धड राहिली नाय. ती शिकवण मीच दिली होती त्याला. बापानं विचारला तरी सांगायचा नाय."

"आजोबा," ऋतुराज म्हणाला, "ही गोष्ट तुम्ही आम्हाला भ्या दाखवायला… ते कुलूप कुठंय?"

काकासाहेब खोलीत गेले आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं कुलूप घेऊन आले. चार सेल घातले. छोटासा पडदा निळा उजळला. त्यांनी यादी उघडून ऋतुराजच्या हातात दिलं.

बोटं: ०१.

"मग पुसून टाकायचं की!" ऋतुराज म्हणाला. त्यानं स्वतःच बटण दाबलं. "सभी उंगलियाँ हटा दी गईं," बाई म्हणाली. पडद्यावर ०० आलं.

"झालं!" ऋतुराज हसला. "एवढंच होतं."

काकासाहेबांनी सेल काढले. दहा आकडे मोजले. सेल पुन्हा घातले.

"आता बघ," ते म्हणाले.

श्रेया वाकून बघायला लागली. ऋतुराजनं यादी उघडली. त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, फक्त डोळे त्यात नव्हते.

बोटं: ०१.